मामा उभा करा

मी मुळातच संशयी बाई हाय, आधीच सांगून ठेवते. बाजारात वांगं घेतलं तरी देठ मोडून बघते, मग माणसाचं तर बोलूच नका. पण ह्यात माझा दोष न्हाय. ज्या पोरीला दोन्हीकडचे लोक दारातनं वाकून बघतात नि आत ये कुणी म्हणत न्हाय, ती पोर दुसऱ्याकडं सरळ कशी बघंल? तुमीच सांगा की.

आमचा बा धुळाप्पा, जातीनं धनगर. सोलापुराबाहेर बाळ्याच्या माळावर आमचं घर, घरामागं मेंढरांचा वाडा, ओसरीत घोंगडी विणायचा माग. आई साखर पेठेतली, तेलंगी पद्मसाळी विणकराची लेक. बा तिच्या गल्लीत घोंगडी विकायला जायचा. एक दिवस घोंगडी विकून आला नि येताना तिला घेऊन आला. माहेरच्यांनी ती जिती असतानाच तिच्या नावानं मडकं फोडलं, अंघोळी केल्या नि पोशव्वा मेली म्हणून मोकळे झाले. पोशव्वा हे आईचं खरं नाव. आमच्या धनगराच्यात ते कुणाच्या जिभंला वळंना, म्हणून लग्नात तिला बाळाबाई केली. पुढं बाळाबाईच राहिली. पोशव्वा म्हणणारं कुणी उरलंच न्हाय.

आईनं ओसरीच्या दुसऱ्या अंगाला खड्डा खणून घेतला नि आपला सुताचा माग मांडला. एकीकडं चिंचोक्याच्या खळीचा वास, दुसरीकडं तांदळाच्या पेजेचा. मला दोन्ही येतं. घोंगडं बी विणते, लुगडं बी विणते. पण त्याचं कौतुक कुणाला? धनगराच्यात मी तेलंगीण, तेलंग्यात धनगरीण. लहानपणी लग्नाच्या पंगतीत बायका मला कडंला बसवायच्या. मी ताटावरनं उठून घरी यायची नि आईवरच डाफरायची.

आईनं मला एक गोष्ट लई कडक शिकवली, सुताची गाठ. ताण्याचा धागा तुटला की सगळं जग दोन टोकं डाव्या चिमटीत धरतं नि उजव्या हातानं फेर घालतं. आईच्या घरी उलटं. टोकं उजव्या चिमटीत, फेर डाव्या हातानं. तिचा बाप डावखुरा होता. त्यानं पोरांना आपल्यासारखंच शिकवलं, नि जे पोर उजवा हात पुढं करंल त्याच्या उजव्या हातावर पट्टी. "आमच्या घरात उजवी गाठ न्हाय," आई म्हणायची. मी चुकले की माझ्या बी हातावर बसायची. माहेरातनं तिनं आणलं ते एवढंच, नि तेवढं मला देऊन ती दोन वर्षांमागं गेली.

माझं लगीन ठरलं त्या साली सोलापुरातला इंग्रजांचा मार्शल लॉ उठून वर्ष व्हायला आलं होतं. पण शहरातलं भ्या गेलं न्हवतं. कोण कुणाचा माणूस हाय, कोण कुणाला जाऊन काय सांगतंय, काय कळायचं न्हाय. नवीन माणूस गल्लीत दिसला की बायका पोरांना घरात घ्यायच्या.

नवरा गुरप्पा. अक्कलकोटाकडचे कानडी बोलणारे धनगर, शहरात राहायचे, गुरप्पा गिरणीत कामाला. मला तो आवडला होता, सांगायला लाज कसली? बघायला आला तेव्हा आईच्या मागापाशी थांबला नि म्हणला, "ह्यो कुणाचा?" मी म्हणलं, "माझा." तो हसला न्हाय, तोंड बी वाकडं केलं न्हाय. "बरं झालं," म्हणला. मला तेवढंच पुरलं.

पण त्याची आई निंगव्वा! बाई न्हवे ती, जकात नाका. थोरल्या पोराच्या लग्नात तिला फसवलं होतं. नवरीचा मामा म्हणून जो उभा केला होता, तो भाड्याचा निघाला, नि सहा महिन्यांनी कळलं की त्या पोरीच्या आईचा ठावठिकाणाच कुणाला ठाऊक न्हाय. तवापासून ती दुधानं पोळलेली, ताक बी फुंकून प्यायची. आमच्या ओसरीत बसली नि थेट म्हणली, "यव्वा, बापाकडचं दिसलं. आईकडचं कोण हाय?"

बा म्हणला, "साखर पेठेत हायत की."

"मग मामा उभा करा. अक्षतांच्या टायमाला पोरीच्या मागं मामा पायजे. मामा दिसला तर लगीन, न्हायतर वरात दारातनं माघारी. मूळ बघितल्याबिगर मी झाड लावत न्हाय."

नि आमच्या बानं ठोकून दिलं, "येतोय की मामा. न यायला काय झालं?"

मी आतनं ऐकत होते. अंगाचा नुसता भडका उडाला. एकवीस वर्षांत ज्यानं उंबऱ्याला पाय लावला न्हाय तो आता अक्षतांना येणार होता व्हय! निंगव्वा गेल्यावर बाला नाय नाय ते बोलले. तो खाली मान घालून लोकर पिंजत बसला. तिथी धरली होती. वरात माघारी गेली की त्या पोरीला पुन्हा कोण विचारतं? माझ्यासारखीला तर न्हाईच.

म्हणून मीच गेले साखर पेठेत. संगं दगडाबाई आत्या, बाची बहीण. विचारत विचारत आशण्णाचं घर गाठलं. आशण्णा म्हंजे माझा सख्खा मामा. दार अर्धं उघडं, आत माग चालू. एक बाई बाहेर आली. मी म्हणलं, "पोशव्वाची लेक आलीय म्हणून सांगा." ती आत गेली नि लगेच माघारी आली.

"पोशव्वा मेली. एकवीस वर्षं झाली."

"दोनच झाली," मी म्हणलं.

तिनं दार लावून घेतलं. आतला माग काय थांबला न्हाय. खटक-खटक, खटक-खटक, जसं काय दारात कुत्रंच येऊन गेलं. मी तितंच उभी राहिले. शेजारच्या घरातला माग तेवढा एकाएकी बंद पडला. कुणाचा धागा तुटला असंल, म्हणलं. आत्या माझा हात ओढत होती. शेवटी तिच्यामागं निघाले.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना तो माणूस आला.

भर उन्हाचा आला. पंचेचाळिशीचा असंल, मागावर बसून बसून पाठीला बाक आलेला, काखेत पुडकं नि डोक्यावर ही एवढी थोरली बांबूची बुट्टी. गल्लीत विचारत होता, "पोशव्वाचं घर कुटं?" कुणाला ठाऊक असणार? बायकांनी त्याला हाकलायचंच बाकी ठेवलं होतं. ते नाव ऐकलं नि माझ्या हातातला मागाचा धोटा खाली पडला.

"मी आशण्णा," दारात येऊन तो म्हणला. मराठी बोलायचा, पण तेलंगी वळणाचं. "पोशव्वाच्या लेकीचा मामा. लग्नाला आलो, बिड्डा."

बिड्डा! आई मला हाक मारायची तशी. बरं वाटायचं सोडून मला त्याचा रागच आला. दहा दिवसांमागं ज्याचा माग थांबला न्हाय, त्याला आज पाझर कसा फुटला?

आत्या बुट्टीभोवती फिरून आली. "ही काय विकायला आणलीय?"

"न्हाय. आमच्यात मामा नवरीला बुट्टीत बसवून मांडवात आणतो."

"आगं बाई! नवरी हाय का कोंबडी?" आत्या पोट धरून हसाय लागली.

मी हसले न्हाय. मी बुट्टीकडं बघत होते. बुट्टी जुनी होती. धुरानं काळी पडलेली, कित्येक वर्षं आढ्याला टांगलेली असावी तशी. हळदीची बोटं मात्र ताजी. मनात पाल चुकचुकली. लग्नाला कुणी जुनी बुट्टी आणतं व्हय?

तेवढ्यात बा मेंढरं घेऊन आला. आमचा बा म्हंजे आल्यागेल्याची सात पिढ्यांची चौकशी करणारा माणूस. त्यानं ह्या पाहुण्याकडं बघितलं, लई वेळ बघितलं. मग एवढंच म्हणला, "बसा. पोरी, पाणी दे." नाव विचारलं न्हाय, गाव विचारलं न्हाय. ना गळ्यात पडला, ना भांडला. आत्या खुणंनं काय सांगाय लागली तर तिच्यावरच खेकसला, "मामा म्हणतोय न्हवं? मग मामाच."

पाणी कुटंतरी मुरत होतं. मला आधी वाटलं, बानंच हा भाड्यानं आणलाय. निंगव्वाच्या थोरल्या सुनंचं झालं तेच आपलं होणार. मग वाटलं, पोलिसांचा माणूस तर नसंल? आमच्या गल्लीतली दोन पोरं मागल्या साली झेंडा घेऊन गेली होती, त्यांचा माग काढत आला असंल. सगळी सांज मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. जेवताना त्यानं आईच्या मागाकडं किती बारी बघितलं ते बी मला ठाऊक.

नि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बानं त्याला एकदा बी मेव्हणं म्हणलं न्हाय. अहो, इकडं या, हे घ्या, बस्स. नि त्या माणसानं आईचं नाव धा बारी घेतलं, पोशव्वा अशी हसायची, पोशव्वाला कारलं आवडायचं न्हाय, पण 'माझी बहीण' हा शब्द काय त्याच्या तोंडातनं निघाला न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाव टाकला. आईच्या मागावर माझं लुगडं अर्धं विणून झालं होतं. घरात कुणी न्हवतं, पाहुणा तेवढा ओसरीत टेकला होता. मी मागावर बसले, कडंचा एक धागा नखानं तोडला नि "पाणी आणते" म्हणून उठून गेले. दाराआड उभी राहून फटीतनं बघाय लागले.

विणकराला तुटका धागा बघवत न्हाय. जेवता जेवता उठंल, पण गाठ मारंल. तो बी उठला. इकडंतिकडं बघितलं. मग खड्ड्यात पाय सोडून बसला. आईच्या जागंवर बसला नि थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग धाग्याची टोकं उचलली, डाव्या चिमटीत धरली, नि उजव्या हातानं फेर घातला.

उजवी गाठ!

घे! सापडला! मी तांब्या तितंच खाली ठेवला. राग होता, आनंद बी होता, नि त्याच्या खाली भ्या होतं. कारण हा खोटा निघाला तर उद्या माझ्या मागं उभं राहायला कुणी न्हवतं.

तो पाय मोकळे करायला वाड्यामागं गेला, तशी मी बी गेले. हातात पाला तोडायचा कोयता होता, खोटं कशाला बोलू?

"तुमी कोण?"

"मामा, बिड्डा."

"बिड्डा म्हणू नका. माझ्या आज्यानं पोरांच्या हातावर पट्ट्या मारून गाठ शिकवली. त्या घरात उजवी गाठ मारणारं पोर जन्माला आलं न्हाय. कोण तुमी? बानं आणलंय का सरकारनं?"

त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग कोयत्याकडं. नि तो मेला चक्क हसला.

"पोशव्वा बी असंच पकडायची मला," म्हणला. "माझं नाव मल्लेशम. आशण्णाच्या शेजारी घर. मी पोशव्वाच्या आत्याचा मुलगा. आमच्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क असतो. आमचं लगीन ठरलं होतं. हळद लागली होती. सकाळी आशण्णा तिला बुट्टीत बसवायला गेला नि घरात ती न्हवती."

मी कोयता खाली केला.

"ही तीच बुट्टी?"

"तीच. आशण्णानं उकिरड्यावर फेकली होती. मी उचलून आणली. का आणली, मला बी ठाऊक न्हाय. आढ्याला टांगली, ती टांगलीच राहिली."

आता सगळं कळलं. बाच्या तोंडाला कुलूप का होतं ते बी कळलं. ज्याच्या हळदीच्या अंगाची नवरी आणली, त्याला नाव-गाव काय विचारणार? पण माझी खोड जात न्हाय. मी म्हणलं, "म्हंजे सूड घ्यायला आलाय. उद्या भर मांडवात उठून सांगायचं, ही त्या पळालेल्या बाईची लेक. व्हय न्हवं?"

"एकवीस वर्षांमागं आलो असतो तर सूडच घेतला असता," तो म्हणला. "आता पाठ दुखते, पोरी. चार लेकरं हायत मला. बायकोनंच हळद लावली बुट्टीला. म्हणली, एवढी वर्षं माझ्या डोक्यावर टांगून ठेवलीय, जा, जिथली तिथं पोचवा एकदाची."

"मग मामा म्हणून का आलात?"

"त्या दिवशी तू आशण्णाच्या दारात उभी होतीस. सगळं ऐकू आलं मला. मागनं बाजारात दगडाबाईला गाठून विचारलं, पोर कशासाठी आली होती. ती लई बोलली. सगळं सांगितलं."

आत्या! एवढं पोटात ठेवून वर हसत होती बया.

"शेजारचा माग थांबला होता," मी म्हणलं. "मला वाटलं, कुणाचा धागा तुटला."

"धागा न्हवता तुटला," तो म्हणला, नि लगबगीनं निघून गेला.

त्याच्यावर विश्वास बसला का? अर्धा बसला, अर्धा न्हाय. पण तोंड मिटून घेतलं. म्हणलं, मामा न्हाय तर न्हाय, मागं उभा राहिला तरी पुष्कळ. गुरप्पा हातचा जाऊ नये, एवढंच मला दिसत होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. वरात आली. गिरणीतली माणसं आली, त्यात दोन-चार तेलंगी बी होते. मी आत हळदीचं लुगडं नेसून बसले होते, बुट्टी दाराबाहेर मांडवात. निंगव्वा आल्या आल्या मामाकडं गेली. त्याला वरनं खाली बघितलं.

"तुमी मामा?"

"व्हय."

"सख्खा?"

"सख्खा."

"एवढी वर्षं कुटं होता?"

मी आतनं दाराच्या फटीतनं बघत होते. निंगव्वानं कमरंची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा घेऊन आली होती ती. पाटावर भंडारा ठेवला, वर बेल ठेवला.

"एकदा फसले, दुसऱ्यांदा न्हाय फसायची. उचला बेलभंडारा. पोरीच्या आईचा सख्खा भाऊ हाय म्हणून बिरोबाच्या नावानं सांगा. मग मी बाकी काय विचारत न्हाय."

आमच्यात बेलभंडारा उचलून खोटं बोलत न्हायत. माणूस मरंल पण खोटा भंडारा उचलायचा न्हाय. बा मान खाली घालून उभा. मल्लेशमला आमच्या देवाचं काय ठाऊक? पण त्याला सगळं ठाऊक होतं. तरी बी तो पाटाकडं चालला होता. माझ्यासाठी खोटी शपथ घ्यायला निघाला होता तो.

मला काय झालं मलाच कळलं न्हाय. नवरीनं अक्षतांआधी मांडवात येऊ नये, पण मी आले. त्याच्या हाताला धरलं.

"थांबा," मी म्हणलं. "ह्यो माझा मामा न्हाय."

आत्यानं "अगं ए भवाने!" म्हणून कपाळावर हात मारला. निंगव्वाचा तर स्फोटच झाला. "अय्यय्यो! पुन्हा भाड्याचा मामा! गुरप्पा, ऊठ! गाडी जुंपा!"

"भाड्याचा न्हाय!" मी बी तेवढ्याच आवाजानं ओरडले. रडत होते नि ओरडत होते. "माझी आई बाळाबाई न्हाय. पोशव्वा. साखर पेठेतल्या पद्मसाळ्याची. ह्या माणसासंगं तिचं लगीन ठरलं होतं, नि हळदीच्या अंगानं ती माझ्या बासंगं पळून आली. खरा मामा पेठेत बसलाय, त्यानं दार लावून घेतलं. नि ज्याची नवरी गेली तो आलाय, त्याच लग्नाची बुट्टी घेऊन आलाय! आईचं नाव खोटं, आता मामा बी खोटा नको मला. हे असं हाय. चालत असंल तर अक्षता टाका, नसंल तर जावा. पण खोटा भंडारा मी कुणाला उचलू देणार न्हाय."

बोलून गेले नि वाटलं, संपलं सगळं. गुरप्पा उभा होता, पण गाडीकडं गेला न्हवता. तो आईच्या तोंडाकडं बघत होता.

निंगव्वानं माझ्याकडं बघितलं, बाच्याकडं बघितलं, बुट्टीकडं बघितलं. बुट्टीवरनं बोट फिरवलं, काळं झालेलं बोट पदराला पुसलं. मग मल्लेशमपुढं जाऊन उभी राहिली.

"ही बोलली ते खरं?"

"खरं."

"तिनं तुम्हाला भर हळदीत टाकलं. नि तुमी तिच्या पोरीच्या मागं उभं राहणार?"

"व्हय."

"कोण म्हणून?"

मल्लेशमनं वळून बघितलं. गिरणीतले तेलंगी एकमेकांकडं बघाय लागले होते. सांज व्हायच्या आत सगळ्या पेठेत बोभाटा होणार, नि जात ह्याला पंचायतीपुढं उभा करणार, वाळीत टाकणार, हे त्याला दिसत होतं. मला बी दिसत होतं.

"लपवलेलं मला चालत न्हाय," निंगव्वा म्हणली. "उघडं हाय ते चालवून घेता येतं. सख्खा नसाल तर नसा. पण ह्या मांडवात तिच्या आईचं कुणीतरी पायजे. उचला भंडारा, नि आज जे खरं करायचं असंल ते सांगा. उद्या फिरायचं न्हाय."

त्यानं भंडारा उचलला. मुठीतनं पिवळा भंडारा सांडत होता. 

"पोशव्वा माझी बहीण," तो म्हणला.

परवापासनं मी जो शब्द ऐकायला टपले होते तो शब्द. तो म्हणणं त्याला किती जड गेलं, ते मांडवात दोघांनाच खरं कळलं, मला नि बाला. बा हुंदका देऊन रडाय लागला. असला दांडगा माणूस, आई गेली तवा बी एवढा रडला न्हवता. पटक्यानं डोळे पुसले, पुढं आला नि म्हणला, "मेव्हणं, उचला की पोरीला. ऊन चढतंय."

मी बुट्टीत बसले. मल्लेशममामानं बुट्टीला हात घातला, पण मी काय हलकी न्हवते, नि त्याच्या पाठीची ती गत. बुट्टी एका अंगाला कलंडली. आत्या ओरडली, "पडली, पडली कोंबडी!" तशी बानं धावत येऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून उचललं. एका बाजूला धनगर, एका बाजूला तेलंगी, नि मदी मी. जन्मभर मदीच होते की. पण दोन्हीकडनं धरलेली त्याच दिवशी.

जुन्या बांबूनं करकर आवाज केला. दोघं बी धापा टाकत होते, कोण कुणाकडं बघत न्हवतं. नि पुढनं निंगव्वा पदर खोचून ओरडत आली, "सांभाळा, सांभाळा! पाडताय काय मेल्यांनो? सून हाय ती माझी!"